आधी वेगवेगळं विचारा, मग एकत्र बसवा

सासरच्या छळाची बातमी आली की महाराष्ट्रात ठरलेला वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, हल्लीच्या मुली ऐकून घेत नाहीत. दुसरी म्हणते, का घ्यावं? मग कुणी जाणतं माणूस तोडगा काढतं : दोघांना समोरासमोर बसवा, बोलून मिटेल. इंग्लंडमधून हा वाद वाचताना मला या तोडग्याचीच सर्वांत जास्त काळजी वाटते.

बोलण्याने मतभेद मिटतात, धाक मिटत नाही. मतभेदांसाठी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शल रोझेनबर्ग यांनी मांडलेल्या अहिंसक संवादाच्या चार पायऱ्या खरोखर कामाच्या आहेत : काय घडलं, काय वाटलं, कशाची गरज आहे, नेमकी विनंती काय. ‘तू घरातली काडी इकडची तिकडे करत नाहीस’ याऐवजी, ‘या आठवड्यात चार रात्री ओटा मीच आवरला. दमले. झोपण्याआधी अर्धा तास निवांत हवा. मंगळवारी आणि गुरुवारी तू आवरशील?’ बहुतेकांचं चुकतं ते दुसऱ्या पायरीवर. ‘मला वाटतं तू स्वार्थी आहेस’ हा आरोपच झाला, भावना त्यात कुठेच नाही. आणि ‘नाही’ ऐकून तुम्ही भडकलात, तर ती विनंती नव्हती, हुकूम होता. छाती धडधडू लागली की किमान वीस मिनिटं थांबावं, पण ‘साडेनऊला परत बोलू’ असं सांगूनच उठावं. वेळ न सांगता उठलं की अबोला सुरू होतो, आणि तो आपल्या घरांत आठवडाभरही चालतो. त्या वीस मिनिटांत आईला व्हिडिओ कॉल तर मुळीच लावू नये.

मात्र नवरा फोन तपासत असेल, पैपैचा हिशेब मागत असेल, पासपोर्ट कुलपात ठेवत असेल, तर याच पायऱ्या घात करतात. तिथे गरज बोलून दाखवणं म्हणजे दुखरी नस त्याच्या हाती देणं. परदेशात नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या मुलीला ‘परत पाठवीन’ एवढी धमकी पुरते. गावाकडे निदान शेजारची काकू दार वाजवते. इथे तीही नाही.

इथल्या व्यवस्थेत एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. मुलांच्या किंवा पैशांच्या वादात कोर्टात अर्ज करण्याआधी मध्यस्थाची प्राथमिक भेट २०१४पासून बंधनकारक आहे. पण घरगुती छळाचा पुरावा असेल तर तीतून सूट मिळते. मारहाण नसलेली, सततची मुस्कटदाबीही २०१५च्या कायद्याने गुन्हा ठरली. आपल्या २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातही कलम १४ खाली दंडाधिकारी समुपदेशन एकत्र किंवा वेगवेगळं करायला सांगू शकतात. म्हणजे वेगळं बसवायला नवा कायदा नको. महिलांच्या तक्रारी ऐकणारा पोलिसांचा भरोसा सेल असो की घरची बैठक, पहिली भेट स्वतंत्र खोलीत व्हावी आणि तिला थेट विचारावं : ‘तू नाही म्हणालीस तर घरी गेल्यावर काय होतं?’ उत्तरात मार, धमकी किंवा कोंडून ठेवणं आलं, तर समेटाचा कागद बाजूला ठेवून तिच्यासमोरच १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर लावावा.