मोबाईलवर नव्हे, व्हीएचएसवर

‘मालेगावच्या पोरांनी शोले मोबाईलवर शूट केला’ असं फॉरवर्ड फिरतंय. चूक. नासिर शेख यांचा ‘मालेगाव के शोले’ २००० सालचा; तेव्हा भारतात कॅमेऱ्याचे मोबाईलच नव्हते. शूटिंग व्हिडिओ कॅमेऱ्यावर झालं, एडिटिंग दोन व्हीसीआर (व्हिडिओ कॅसेट चालवणारी आणि रेकॉर्ड करणारी यंत्रं) जोडून.

ही पद्धत वाटते तितकी सोपी नाही. एका व्हीसीआरवर मूळ कॅसेट चालवायची, दुसरा रेकॉर्ड दाबून पॉजवर ठेवायचा आणि नेमक्या क्षणी सोडायचा. पॉज केला की टेप थोडी मागे सरकते, त्यामुळे कट काही फ्रेम इकडेतिकडे होतोच. मधला शॉट लांबवायचा ठरला तर पुढचं सगळं पुन्हा जोडा! शिवाय व्हीएचएसची, म्हणजे त्या काळच्या घरगुती व्हिडिओ कॅसेटची, कॉपी काढली की चित्र मऊ पडतं, लाल रंग कडेला पसरतो; कॉपीची कॉपी त्याहून वाईट. म्हणून यूट्यूबवरचं धुरकट चित्र पाहून कॅमेरामनला नावं ठेवू नका.

त्याच फॉरवर्डमध्ये फैझा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ला शोलेच्या शूटिंगची डॉक्युमेंटरी म्हटलंय. तीत दिसतं ते नासिर यांच्याच ‘मालेगाव का सुपरमॅन’ या दुसऱ्या चित्रपटाचं शूटिंग. रीमा कागतींचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ तर कलाकारांनी साकारलेला कथापट आहे.