म्हणे, भूलतज्ज्ञ अबोल!

चार दिवस झाले, सोलापुरातल्या माझ्या झाडून सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. ‘तापट तो सर्जन, अबोल तो भूलतज्ज्ञ, हळवी ती बालरोगतज्ज्ञ, माणूसघाणा तो रेडिओलॉजिस्ट. डॉक्टर स्वभावानुसारच शाखा निवडतो. मुलाची पर्सनॅलिटी टेस्ट आजच करा!’

मी वीस वर्षं भूल देते, तेव्हा आधी ‘अबोल’कडे वळते. सिझेरियनला बहुतेकदा पाठीत सुई देऊन (हेच ‘स्पायनल’) कमरेखालचाच भाग बधिर करतात. बाई टक्क जागी असते. पडद्यापलीकडे सर्जन, अलीकडे तिच्या डोक्याशी मी. ‘पाठ मांजरीसारखी वाकवा’पासून ‘पहिलं काय आहे?’पर्यंत माझी टकळी चालू. मराठीत, नाहीतर मोडक्यातोडक्या तेलुगूत, कन्नडमध्ये. मध्येच ती ‘मळमळतंय’ म्हणाली की मी आधी बीपी बघते, कारण स्पायनलनंतर ते झपकन उतरतं. मी गप्प बसले तर ती बोलणार कशाला? (शाळेत ‘वर्गात बडबडते’ हा माझा कायमचा शेरा.)

‘स्वभावानुसार निवडतो’ म्हणे. निवडतो नीट-पीजीचा, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या प्रवेशपरीक्षेचा, रँक. रेडिओलॉजी, स्किन, मेडिसिन वरचे रँकवाले उचलतात. मग दरवर्षी सगळे टॉपरच माणूसघाणे निघतात की काय? अ‍ॅनाटॉमी, फिजिओलॉजीच्या जागा मात्र रिकाम्या राहतात; २०२३ मध्ये जागा भराव्यात म्हणून पात्रता पर्सेंटाइल थेट शून्यावर आणलं होतं. रँकनंतर येतं घर. सासऱ्यांचं प्रसूतिगृह, रात्रीचे कॉल, लहान मूल. नवरा सर्जन असला तर ‘तू अ‍ॅनेस्थेशियाच घे’. मलाही हेच ऐकवलं होतं.

अभ्यासांत फरक दिसतात, हे खरं. सर्जन काटेकोरपणात, बहिर्मुखपणात सरासरीने थोडे वर दिसतात. पण त्यावरून तुमच्या चिरंजीवांचं काय ठरणार? आणि तो काटेकोरपणा जन्माचा की पंधरा वर्षं ऑपरेशन थिएटरात उभं राहून अंगी मुरलेला, हे एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावलीतून कळत नाही. स्वभावाचा ‘प्रकार’ चार अक्षरांत सांगणारी ती एमबीटीआय चाचणी तर काही आठवड्यांनी पुन्हा दिली की अनेकांचा ‘प्रकार’च बदलतो.

मेसेजखाली डॉ. कोटणीसांचा फोटो, ‘सर्जन जन्मावा लागतो’. अहो, ते आपल्या सोलापूरचे! १९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनला वैद्यकीय मदत पथकातून गेले तेव्हा तिशीही गाठली नव्हती. नुकतेच डॉक्टर झालेले, पुढच्या शिक्षणाच्या तयारीत. युद्धातले जखमी समोर येत गेले आणि ते शस्त्रक्रिया करत गेले.

‘हळवी ती बालरोगतज्ज्ञ’वर मी काही लिहीत नाही. किलोभराच्या बाळाला पहिल्याच फटक्यात सलाईन लावणाऱ्या आमच्या मॅडमनी तो मेसेज अजून वाचलेला नाही.