नवव्या मजल्यावरून पिशवी सोडायला दोरी किती लांब लागेल?

आमच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट एकदाचं मार्गी लागलं. पुण्यात कोथरूडमधली तीन मजली इमारत, बारा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही, पावसाळ्यात जिन्यात ओल. तेव्हा पाडायला हवीच होती, त्याबद्दल गळा काढत नाहीये.

परवा आवराआवरी करताना आईने बाल्कनीच्या गजाला बांधलेली नायलॉनची दोरी सोडून माझ्या हातात दिली. "ही तिकडे लागेल ना?" तिकडे म्हणजे नव्या घरी. आमचा फ्लॅट नवव्या मजल्यावर आहे, त्यात खालचे तीन मजले पार्किंग. मी काहीच बोललो नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोरीला पिशवी, पिशवीत पैसे. भाजीवाल्या मावशींची हाक आली की पिशवी खाली जायची आणि मेथीची जुडी घेऊन वर यायची. मधल्या दोन मिनिटांत कोणाकडे पाहुणे आलेत आणि कोणाच्या घराला कुलूप आहे, ही बातमीही वर यायची. आई गुडघ्यांमुळे चार वर्षं फारशी खाली उतरलेली नाही, पण गल्लीत काय चाललंय ते माझ्यापेक्षा तिला जास्त ठाऊक असतं.

टॉवर आले की लोक उंचीला शिव्या देतात. मला नाही वाटत दोष उंचीचा आहे. पेठांमध्ये काय कमी दाटी आहे? तरी रात्री नऊला तिथल्या बोळातून चालताना एकटं वाटत नाही, कारण घराचं दार, दुकानाची फळी, वाड्याचा उरलासुरला ओटा, सगळं रस्त्याला चिकटून आहे. इमारतीचे खालचे दहा-पंधरा फूट कोणाला दिलेत त्यावर रस्ता जगतो. वर तीन मजले आहेत की तीस, रस्त्याने चालणाऱ्याला त्याचं काय?

आणि ते फूट आता आपण गाड्यांना दिलेत. आमच्या गल्लीतून कर्वे रस्त्यापर्यंत चालत जाऊन बघा. जुन्या इमारतींच्या खाली किराणा, फॉल-पिको करणारी बाई, डॉक्टरांचा दवाखाना, पंक्चरवाला. नव्या इमारतींच्या खाली ग्रॅनाइट लावलेली भिंत, सरकतं गेट, जनरेटर, आणि त्यावर पार्किंगच्या लोखंडी जाळ्या. अख्ख्या भिंतीच्या कडेने चालून जा, एक माणूस दिसत नाही. वॉचमन दिसतो, तो आपल्याकडे संशयाने बघतो.

बिल्डरच्या नावाने खडे फोडणं सोपं आहे. तो नियमाप्रमाणेच वागतो. डिसेंबर २०२० पासून मुंबई सोडून जवळपास सगळ्या महाराष्ट्राला एकच बांधकाम नियमावली लागू झाली. फ्लॅटच्या मापाप्रमाणे किमान इतकं पार्किंग द्यायचंच असं ती सांगते, आणि ते पार्किंग एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल त्या हिशोबात, धरत नाही. मग रचले मजल्यावर मजले. आगीचा बंब फिरायला इमारतीभोवती मोकळी जागा ठेवावी लागते, ती हवीच. पण या सगळ्यात रस्त्याकडे तोंड करून काय असावं, हे कोणी बिल्डरला विचारत नाही.

आम्हीही विचारलं नाही. उलट सांगतो, हसू नका. सर्वसाधारण सभेत "खाली दुकानं नकोत, बाहेरचे लोक येतात, गाड्या लावतात" असा मुद्दा निघाला तेव्हा हात वर करणाऱ्यांत मी होतो. प्रत्येकी दोन पार्किंग मिळणार म्हटल्यावर टाळ्याही वाजवल्या. आमच्याकडे एकच गाडी आहे, तीही रविवारी निघते.

त्या दिवशी कोणाच्याच लक्षात आलं नाही की आमचे इस्त्रीवाले काका नकाशात कुठेच नाहीत. पंचवीसेक वर्षं ते जिन्याखाली टेबल मांडून आहेत. चार घरांच्या किल्ल्या त्यांच्याकडे असतात. शाळेतून आलेलं पोर आई येईपर्यंत त्यांच्याच बाकड्यावर बसतं. नकाशात जिम आहे, पार्टी हॉल आहे, आणि पार्किंगच्या डोक्यावर ज्येष्ठ नागरिकांसाठी हिरवळ, प्लास्टिकची. आईला चित्र दाखवलं. ती म्हणाली, "छान आहे. पण तिथे बसून बघायचं काय?"

हे फक्त कोथरूडचं नाही. २०१७ मध्ये ११ गावं पालिकेत आली, २०२१ मध्ये आणखी २३. बहीण त्यातल्याच सूसमध्ये राहते. इमारत देखणी, बाहेर धड फुटपाथ नाही. कोथिंबीर हवी तरी मोबाइल उघडते. संध्याकाळी तिच्या गेटबाहेर डिलिव्हरीची पोरं गाड्यांवरच बसून गप्पा मारत असतात, कारण टेकायला कट्टा नाही. त्या रस्त्यावर जी काय जाग असते ती त्यांचीच.

तर मी सोसायटीच्या ग्रुपवर दोन गोष्टी टाकल्या. रस्त्याच्या बाजूला काकांसाठी दहा बाय आठची खोली, आणि कंपाउंडची भिंत चार फूट आत घेऊन बाहेर एक साधा दगडी कट्टा. दोन अंगठे आले. एकाने विचारलं, "कट्ट्याचं मेंटेनन्स कोण देणार?" दुसऱ्याने, "तिथे कोणीही येऊन बसेल." मी लिहिलं, हो, त्यासाठीच आहे.

त्यानंतर ग्रुप शांत आहे. बुधवारी आर्किटेक्टबरोबर मीटिंग. आई म्हणतेय तिला खुर्चीत बसवून खाली न्या, तिला पण बोलायचंय.