चाक बदलताना ‘कोणतीही कॅसेट चालते’ हे खरे नाही

रोड बाइकची चाके बदलण्याविषयीचा एक संदेश सध्या सायकलस्वारांच्या गटांमधून फिरतो आहे. त्यात चार दावे आहेत. नवी हलकी चाके लावली की वेग ताशी ५ किलोमीटरने वाढतो. शिमानो या सायकलचे भाग बनवणाऱ्या कंपनीची कोणतीही कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच) कोणत्याही शिमानो-पद्धतीच्या चाकावर बसते आणि हलत असेल तर लॉकरिंग (कॅसेट जागेवर धरणारी आट्यांची कडी) जोर लावून आवळावी. घाटासाठी ३४ दात्यांपर्यंतची कॅसेट लावायची असेल तर डिरेल्युरचा (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाचा) बी-स्क्रू आत घेतला की पुरते. आणि चाकातला एक ग्रॅम हा फ्रेममधल्या दहा ग्रॅमच्या बरोबरीचा असतो. हा संदेश माझ्या भाच्यापर्यंत पोहोचला नसता तर मी कदाचित त्याकडे दुर्लक्ष केले असते. त्याने मात्र त्यावर विश्वास ठेवून नवी चाके घेतली, जुनी कॅसेट स्वतः चढवली आणि पसरणी घाटात चौथ्या-पाचव्या गिअरवर चेन उड्या मारू लागल्यावर मला फोन केला, “मामा, कितीही घट्ट केले तरी कॅसेट हलतेच आहे.”

मी चाक काढून पाहिले. लॉकरिंग इतकी आवळलेली होती की सोडवताना चेनव्हिप (कॅसेट फिरू न देता धरून ठेवणारे अवजार) हातातून निसटत होता, तरीही मोठी चकती दोन बोटांत धरून हलवली की खटखट आवाज येत होता. कारण साधे आहे आणि संदेश लिहिणाऱ्याला ते ठाऊक असायला हवे होते. भाच्याची सायकल दहा-स्पीडची, म्हणजे मागे दहा चकत्यांची, तर नवे चाक अकरा-स्पीडचे. शिमानोच्या अकरा-स्पीड रोड हबची फ्रीहब बॉडी (चाकाच्या मध्यावरचा, कॅसेट ज्यावर सरकवतात तो खाचांचा भाग) जुन्या ८, ९ आणि १०-स्पीडच्या बॉडीपेक्षा १.८५ मिलिमीटरने लांब असते. तिच्यावर दहा-स्पीडची कॅसेट नुसती सरकवली तर बॉडीचे टोक शेवटच्या चकतीच्या बाहेर डोकावते, लॉकरिंग कॅसेटवर न टेकता त्या टोकावर टेकते आणि मग चकत्यांना दाबून धरणारे काहीच उरत नाही. अशा वेळी अधिक जोर लावल्याने कॅसेट घट्ट होत नाही, उलट ॲल्युमिनियमच्या बॉडीचे आटे मात्र खराब होऊ शकतात. लॉकरिंगवर ४० न्यूटन-मीटर हा आवळण्याच्या जोराचा आकडा कोरलेला असतो, तो शोभेसाठी नव्हे. भाच्याच्या बॉडीच्या खाचांवर सुट्या चकत्यांनी घासून उठवलेले वण स्पष्ट दिसत होते, आणि ती चाके केवळ दोन आठवड्यांची होती.

यावर उपाय म्हणजे १.८५ मिलिमीटर जाडीचा एक स्पेसर, म्हणजे पातळ कडी, जो कॅसेटच्या आधी, आऱ्यांच्या बाजूला बसवायचा असतो. काही दहा-स्पीड कॅसेटना त्याखेरीज १ मिलिमीटरचा आणखी एक स्पेसर लागतो. हे माझे मत नाही. शिमानोच्या स्वतःच्या सुसंगततेच्या तक्त्यांत आणि विक्रेत्यांसाठीच्या पुस्तिकांत ते आकृत्यांसह दिलेले आहे आणि ती कागदपत्रे कोणालाही विनामूल्य पाहता येतात. संदेश पुढे ढकलण्याआधी एकानेही ती उघडून पाहू नयेत, याचा मला खरोखर राग येतो.

उलट दिशेने, म्हणजे अकरा-स्पीडची रोड कॅसेट जुन्या दहा-स्पीड बॉडीवर, सहसा बसतच नाही. येथे एक गोष्ट मान्य करायला हवी. शिमानोची अकरा-स्पीड ११-३४ कॅसेट जुन्या बॉडीवर बसते, कारण तिच्या मोठ्या चकत्या बॉडीच्या मागे आऱ्यांकडे झुकलेल्या असतात, आणि गंमत म्हणजे अकरा-स्पीड बॉडीवर तिलाच १.८५चा स्पेसर लागतो. या एका अपवादावरून कोणीतरी नियम बनवला असावा. स्रॅम या दुसऱ्या कंपनीच्या दहा दात्यांपासून सुरू होणाऱ्या बारा-स्पीड रोड कॅसेटसाठी तर एक्सडीआर बॉडी वेगळीच लागते, कारण इतकी लहान चकती शिमानोच्या जाड बॉडीवर मावत नाही. कॅम्पाग्नोलो कंपनीच्या बॉडीच्या खाचाही वेगळ्या असतात. म्हणून चाके मागवण्यापूर्वी फ्रीहब कोणती हे विचारावे.

बी-स्क्रूचा सल्ला त्याहून धोक्याचा आहे. हा स्क्रू डिरेल्युरची वरची पुली आणि चकती यांच्यातले अंतर बदलतो, पिंजऱ्याची (चेन ताणून धरणाऱ्या दोन पुल्यांच्या चौकटीची) लांबी वाढवत नाही. शिमानो १०५ आर७००० मालिकेत आखूड पिंजऱ्याच्या डिरेल्युरला मोठ्यात मोठी चकती ३० दात्यांची आणि एकूण क्षमता, म्हणजे पुढच्या आणि मागच्या मोठ्या-लहान चकत्यांतील दात्यांच्या फरकांची बेरीज, ३५ दिलेली आहे. लांब पिंजऱ्याला हेच आकडे ३४ आणि ३९ आहेत. पुढे ५०-३४ आणि मागे ११-३४ असेल तर १६ अधिक २३ म्हणजे ३९ क्षमता लागते. आखूड पिंजऱ्यावर, त्यातही जुन्याच लांबीच्या चेनवर, हा प्रयोग केला आणि चढावर चुकून पुढची मोठी व मागची मोठी चकती एकत्र आली, तर चेन ताणून डिरेल्युरचा हँगर (त्याला फ्रेमशी जोडणारा तुकडा) तुटू शकतो आणि डिरेल्युर फिरत्या आऱ्यांत जाऊ शकतो.

वेगाचा दावा थोडक्यात निकालात काढता येतो. हवेच्या विरोधासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. ताशी २५ वरून ३० वर जायचे तर ती सुमारे ७३ टक्क्यांनी वाढते, आणि हवेचा बहुतांश अडथळा चाकांचा नसून स्वाराच्या शरीराचा असतो. वजनाचे म्हणाल तर रिमच्या कडेवरचे वस्तुमान वेग वाढवताना फार तर दुप्पट मोजावे लागते आणि एकसारख्या गतीने चढताना तेही नाही. सायकल व स्वार मिळून ८५ किलो वजन असताना चाके ४०० ग्रॅमने हलकी केली, तर चाळीस मिनिटांच्या चढात साधारण अकरा सेकंद वाचतील. हलके चाक उचलून पळते, हे मलाही जाणवते. पण दहापटीचा हिशेब कोठून आला हे मला कळलेले नाही.

भाच्याच्या चाकावर मी स्पेसर बसवला, लॉकरिंग टॉर्क रेंचने (ठरवलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) आवळली आणि मोठी चकती पुन्हा दोन बोटांत धरून हलवून पाहिली. ती जागची हलली नाही.