विज्ञान प्रदर्शनात हमखास पहिलं बक्षीस मिळवण्यासाठी

पालकहो, मागच्या शनिवारी भाचीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. शाळा सरकारी, अभ्यासक्रम केंद्राचा. पोरीने तीन रात्री जागून डार्विनच्या उत्क्रांतीवर, म्हणजे गालापागोस बेटांवरच्या फिंच पक्ष्यांच्या चोचींचा तक्ता केला. मिळालं काय, तर उत्तेजनार्थ. पहिला नंबर ‘दशावतार : उत्क्रांतीचा मूळ सिद्धांत’ला. थर्माकोलचा मत्स्य, भोवती एलईडीची माळ. (थर्माकोलवर बंदी आहे ना? असो.) पुढच्या वर्षी तुम्ही तरी फसू नका, म्हणून हे अनुभवाचे बोल.

दहावीच्या मुलासमोर उत्क्रांती हा शब्दच काढू नका. करोनाकाळात मुलांवरचा भार कमी करायचा म्हणून केंद्राची पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीने ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या धड्यातली उत्क्रांती उडवली. उरली नुसती आनुवंशिकता. करोना गेला, उत्क्रांती काही परतली नाही. 2023 मध्ये अठराशेहून जास्त वैज्ञानिक आणि शिक्षकांनी विरोधाचं पत्र काढलं. त्यांना दप्तराच्या ओझ्याची कल्पना नसावी. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग 2 मध्ये मात्र तो पहिलाच धडा आहे. कुणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही, तुम्हीही बोलू नका.

माकडहाडाचं नाव बदलून घ्या. आपली भाषाच फितूर आहे.

कुणी पुरावा मागितलाच, तर ‘तुम्ही पाहिलंत का?’ असं विचारा. जानेवारी 2018 मध्ये आपल्याच औरंगाबादेत तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी हेच केलं. माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेलं नाही, सबब डार्विन चूक, अभ्यासक्रम बदला. हे गृहस्थ त्याआधी मुंबईचे पोलीस आयुक्त होते हो! आता मला सांगा, प्रत्यक्षदर्शी नाही म्हणून खून झालाच नाही, असं किती पंचनाम्यांत लिहिलं असेल? ठसे, रक्ताचे डाग, डीएनए हे सगळं चोर पकडायला चालतं, पूर्वज शोधायला नाही. नर्मदेकाठी हथनोऱ्याला 1982 मध्ये अरुण सोनकियांना आदिमानवाच्या कवटीचा जीवाश्म मिळाला. तोही पुरावा नव्हे, कारण कवटी साक्ष देत नाही! देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी निवेदन काढलं, वरिष्ठ मंत्र्यांनीही कान टोचले. उपयोग काय झाला? वर्षभरात जालंधरच्या सायन्स काँग्रेसमध्ये, म्हणजे वैज्ञानिकांच्याच मेळाव्यात, एका कुलगुरूंनी सांगितलं की डार्विनपेक्षा दशावतार सरस, आणि कौरव टेस्ट ट्यूब बेबी. कुलगुरू! आमच्या शाळेतल्या परीक्षकबाईंना मग मी काय बोलणार? त्या म्हणाल्या, “छान होता हो तिचा तक्ता, पण आपलं काहीतरी हवं ना त्यात.”

आपलं! दशावतार आपलाच आहे. कोकणात रात्रभर मांडी घालून पाहिलाय मी. संकासुर आला की अजून हसतो. पण अवतार म्हणजे खाली उतरणं, आणि उतरणारा विष्णू दहाही वेळा तोच. त्यात एका जिवापासून दुसरा जीव कुठे घडतो? परशुराम आणि राम तर समोरासमोर भेटतात. ही श्रद्धा आहे, ती देवघरात शोभते. तिला प्रयोगशाळेत नेऊन मार्क कसले मागता? त्यात देवाचाही अपमान आहे आणि विज्ञानाचाही.

आणि बक्षिसाला टाळ्या वाजवणारे पालकहो, पोराला ताप आला की ‘डॉक्टर, जरा स्ट्राँग अँटिबायोटिक द्या’ म्हणून तुम्हीच मागे लागता ना? जुनं औषध का लागू पडत नाही, हे कधी विचारलंत? जंतू बदलतात म्हणून. तीच उत्क्रांती, तुमच्याच घरात, तुमच्याच पोराच्या घशात. लाज वाटू द्या जरा. स्वतः सगळं शिकून, मार्क घेऊन, नोकऱ्या पटकावून बसलात आणि पोरांच्या पुस्तकातलं पान फाटलं तर म्हणता, बरं झालं, एक धडा कमी झाला.

भाचीने तक्ता कपाटामागे टाकलाय. बारावीत जीवशास्त्र घेतलं तर उत्क्रांती पुन्हा भेटेल म्हणे. ती कॉमर्सला जाणार आहे.