म्युझिकसाठी पीसी मागा, गळ्यात गेमिंगचा डबा पडतो

नाशिकमध्ये एमजी रोडला विचारा, कॅनडा कॉर्नरला विचारा, नाशिकरोडला विचारा. "घरी गाणी रेकॉर्ड करायला पीसी बनवायचाय" म्हटलं की काउंटरवरून ठरलेला प्रश्न येतो: "ग्राफिक कार्ड कोणतं टाकू?"

अहो, कोणतंच नको! पेटी, तबला, गायकाचा आवाज आणि वर दहा-वीस प्लगइन (आवाजावर इफेक्ट चढवणारी छोटी सॉफ्टवेअर), यात ग्राफिक कार्डाला कामच काय? पण कोटेशन उघडा, सगळ्यात मोठा आकडा त्याचाच. चलाखी तर बघा, प्रोसेसर नेमका शेवटी 'एफ' असलेला लावतात. तो थोडा स्वस्त पडतो, कारण त्याच्या आत ग्राफिक्सच नसतं. म्हणजे नुसता मॉनिटर पेटवायलासुद्धा कार्ड घेणं आलं. बिनएफचा घ्या, विषय संपतो.

बरं, कार्ड नुसतं पडून राहिलं असतं तरी चाललं असतं. त्याचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) मध्येच विंडोजला अडवून धरू शकतो, खरी गोची तिथे आहे. ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे आवाजाचे सेकंदाला ४८ हजार तुकडे (सॅम्पल) पडत असताना, ६४ तुकड्यांचा एकेक गठ्ठा (बफर) ठेवला तर प्रोसेसरला दर वेळी साधारण १.३३ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात हिशेब झाला नाही की गाण्यात 'टक्'. गेम खेळणाऱ्याला तेवढा अडथळा कळतही नाही. लॅटन्सीमॉन नावाचं तपासणीचं सॉफ्टवेअर दहा मिनिटं चालवलं की अडवणारा ड्रायव्हर नावानिशी सापडतो. बऱ्याचदा वायफायचाही असतो, मग रेकॉर्डिंगपुरतं वायफाय बंद.

प्रोसेसरचीही तीच कथा. "सर, यात सोळा कोअर आहेत!" असतील. पण एका ट्रॅकवरचे ईक्यू, कॉम्प्रेसर, रिव्हर्ब हे इफेक्ट एकापाठोपाठ एक चालतात, म्हणून ती अख्खी साखळी सहसा एकाच कोअरवर पडते. मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथे, चार जड प्लगइन टाकले की बाकीचे कोअर हात चोळत बसतात. आधी एका कोअरचा वेग बघा, कोअरची संख्या नंतर.

रॅममध्ये तर सरळ टोपी घालतात. १६ जीबीची एकच पट्टी लावायची आणि "पुढे वाढवता येईल" म्हणायचं. एकाच पट्टीवर ड्युअल चॅनल (रॅमशी एकाच वेळी दोन वाटांनी बोलणं) चालत नाही. आणि डीडीआर५ मध्ये चारही स्लॉट भरले की वेग खाली येतो, म्हणजे "पुढे वाढवू" हेही अर्धवटच. पहिल्यापासून १६ च्या दोन, मोठ्या ऑर्केस्ट्रा लायब्ररी वापरणार असाल तर ३२ च्या दोन. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एक्स्पो हा रॅमचा पर्याय चालू आहे का तेही बघा, कारण पट्टीवर छापलेला वेग आपोआप लागत नाही. विंडोजला एक एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) आणि सॅम्पलना, म्हणजे लायब्ररीतल्या वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या सुरांना, दुसरी ठेवा. सॅम्पल एसएसडीवर असतील तर कॉन्टॅक्ट या ते सूर वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरचा प्रीलोड बफर (प्रत्येक सुराचा आधीच रॅममध्ये भरलेला भाग) ६० केबीवरून १२ पर्यंत उतरवता येतो, बरीच रॅम मोकळी होते. हे दुकानात कोण सांगणार?

आता लायटिंग. पुढून अख्खी काच, आत सहा रंगीबेरंगी पंखे, लग्नाचा मांडव नुसता! पुढची काच हवा अडवते. एप्रिलमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, आणि रेकॉर्डिंगच्या वेळी खोलीतला फॅन नि कूलर बंदच असतो. मग ते सहाही पंखे बोंबलायला लागतात. तानपुऱ्यावर संथ आलाप चाललाय आणि मागे घूंऽऽ. पुढून जाळीचं कॅबिनेट, १४० मिमीचे दोन-तीन पंखे आणि प्रोसेसरवर एक मोठा टॉवर कूलर, बास. बायोसमध्ये ६० अंशांपर्यंत पंखे ६००–७०० आरपीएमला स्थिर ठेवा. एकसुरी आवाज मिक्समध्ये खपतो, सारखा वर-खाली होणारा खपत नाही. वॉटर कूलिंग नकोच, पंपाची घरघर त्यात फुकट मिळते.

एसएमपीएसवर (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर) मात्र सगळे काटकसर करतात. कार्ड नसलेल्या मशीनला ५५० वॅट भरपूर, पण चांगल्या कंपनीचा, गोल्ड रेटिंगचा (वीज कमी वाया घालवणारा) घ्या. सोबत ६०० व्हीएचा स्वस्तातला यूपीएस घेतला तर लाईट जाताच मशीन रीस्टार्ट होऊ शकतं, कारण त्याची चौकोनी वेव्ह काही एसएमपीएसना पचत नाही. प्युअर साइन वेव्हचाच (घरच्या लाईटसारखी गुळगुळीत वेव्ह देणारा) मागा.

माउस हलवला की स्पीकरमधून किर्र येतं, त्यावरचा इलाज ऐकून तर तळपायाची आग मस्तकात जाते. "प्लगची तिसरी पिन काढून टाका." अरे बाबांनो, ती अर्थिंग आहे! शॉक बसून माणूस जाईल. पीसी आणि स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा, साउंड कार्डपासून (माइक नि स्पीकर जोडायच्या बाहेरच्या यूएसबी डब्यापासून) स्पीकरपर्यंत बॅलन्स्ड टीआरएस केबल (खरखर कापणारी तीन तारांची) टाका. साउंड कार्ड मागच्या यूएसबीत खोचा, कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टात किंवा हबमध्ये नको.

डिलिव्हरीच्या वेळी गेमचा फ्रेम रेट दाखवतील, कौतुकाने. तो ठेवा बाजूला. मशीनवर वीस मिनिटं लोड ठेवा, मीटरभरावर कंडेन्सर माइक लावा, नेहमीच्या गेनवर (माइकचा आवाज जितका वाढवता तितक्यावर) एक मिनिट शांतता रेकॉर्ड करा आणि तिथेच हेडफोनवर ऐका. घूं आली तर आधी पंखे बदलायला लावा, मग उरलेले पैसे द्या.