उपकेंद्रातल्या नर्सबाईला औषध लिहू द्या

गोव्यातल्या माझ्या डॉक्टर नातलगांचा आणि बांबोळीला माझ्याबरोबर शिकलेल्या परिचारिकांचा एक वाद गेले कित्येक महिने फोनवरून माझ्यापर्यंत पोहोचतो आहे. उपकेंद्रांची आरोग्य मंदिरे झाली, तिथे परिचारिका समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून बसू लागल्या, आणि त्यांनी रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्या स्वतःच्या अधिकारात लिहून द्याव्यात की नाही, हा त्या वादाचा विषय आहे. डॉक्टर मंडळी म्हणतात की आम्ही साडेपाच वर्षे घालवून जे शिकलो ते सहा महिन्यांच्या जादा अभ्यासक्रमावर कोणी करू लागले, तर ती गावातल्या गरिबांची फसवणूक होईल. माझ्या मैत्रिणींचे म्हणणे मला त्याहून अधिक अस्वस्थ करते. त्या म्हणतात, आम्हाला हा अधिकार नकोच. काही कमीजास्त झाले तर गळ्याशी येईल.

मी इंग्लंडमधल्या स्विंडनच्या एका सर्जरीत, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात, परिचारिका म्हणून काम करते. व्ही ३०० हा परिचारिकांना औषध लिहिण्याचा अधिकार देणारा अभ्यासक्रम पूर्ण केल्यापासून माझ्या यादीवरच्या मधुमेहींची औषधे मीच सुरू करते, वाढवते आणि गरज संपली की बंदही करते. वार्षिक तपासणीत एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), रक्तदाब, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन, लघवीतले अल्ब्युमिन, वजन, धूम्रपान आणि पायांची पावले या आठही गोष्टी झाल्याखेरीज माणूस माझ्या खोलीतून सुटत नाही. ही माझी हुशारी नाही. ती व्यवस्था आहे, आणि ती उभी राहायला इथेही वीस वर्षे लागली. परिचारिकांना औषध लिहू द्यावे ही शिफारस १९८६ च्या कम्बरलेज अहवालात झाली, कायदा १९९२ मध्ये आला आणि जवळजवळ सगळी औषधसूची प्रशिक्षित परिचारिकांना खुली झाली ती २००६ मध्ये. त्या वेळी इथल्या डॉक्टरांच्या संघटनेनेही रुग्णांच्या जिवाला धोका असल्याचे सांगितले होते, त्यामुळे गोव्यातून तेच शब्द ऐकू आले की मला जुनी वर्तमानपत्रे वाचल्यासारखे वाटते.

धोका आहे की नाही हे मतांवर ठरत नाही, ते मोजून पाहावे लागते. प्राथमिक उपचारांत डॉक्टरांच्या जागी प्रशिक्षित परिचारिका बसवल्या तर काय होते, याचा आढावा वैद्यकीय चाचण्यांचा पुरावा एकत्र करून पाहणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१८ मध्ये घेतला. त्यातल्या १८ चाचण्यांचा निष्कर्ष असा की रुग्णांच्या प्रकृतीत परिणाम सारखाच किंवा थोडा बरा दिसतो, रुग्ण थोडे अधिक समाधानी असतात आणि परिचारिका प्रत्येकाला जास्त वेळ देतात. माझ्या मावसभावाने यावर लगेच विचारले की त्यातल्या किती चाचण्या आपल्यासारख्या देशांतल्या आहेत. आक्षेप बरोबर आहे. एक दक्षिण आफ्रिकेतली सोडली तर बाकी सगळ्या श्रीमंत देशांतल्या आहेत.

मग गोव्यातलाच पुरावा घ्यावा. डॉ. विक्रम पटेल आणि पर्वरीच्या ‘संगाथ’ संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि खाजगी दवाखान्यांत ‘मानस’ नावाची चाचणी केली आणि ती २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. नैराश्य आणि चिंतेने ग्रासलेल्या रुग्णांशी बोलण्याचे काम तिथे साध्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी केले. ते डॉक्टर नव्हते, परिचारिकाही नव्हते. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी त्यांच्याकडे आलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश बरे झाले होते. नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण पाचांत दोन एवढेच होते. खाजगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही. मला वाटते तिथला डॉक्टर रुग्णाला ओळखतो, बसवून घेतो, आणि सरकारी ओपीडीतल्या गर्दीत डॉक्टरला ते शक्यच नसते. पुढे २०१७ मध्ये याच धर्तीवर दारूच्या आहारी गेलेल्या पुरुषांसाठी केलेल्या समुपदेशनाचाही उपयोग झाल्याचे त्याच नियतकालिकात आले. जगभरच्या आरोग्य विद्यापीठांत हे गोव्याचे अभ्यास शिकवले जातात, आणि गोव्यातच लोक विचारतात की डॉक्टर नसलेल्याच्या हाती रुग्ण कसा द्यावा. मला याचे खरोखर दुःख होते.

आता गरज किती आहे ते पाहा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत, जी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले: प्रौढांत २६.४ टक्के. देशाची सरासरी ११.४ टक्के आहे. दर चार प्रौढांमागे एक. एवढ्या लोकांना वर्षातून एकदा चपला काढायला सांगून तळवे कोण तपासणार आहे? जो डॉक्टर सकाळच्या ओपीडीत शंभरावर रुग्ण पाहतो तो नक्कीच नाही. आणि आरोग्य संवर्धन म्हणजे ‘गोड कमी खा, चाला’ असे सांगून चिठ्ठी फाडणे नव्हे. आपल्याकडे मधुमेही माणूस साखर सोडतो आणि ताटातला शिताचा ढीग तसाच ठेवतो, कारण भात हा त्याच्या लेखी गोड पदार्थ नाहीच. चतुर्थीच्या दिवसांत त्याने करंज्या किती खाव्यात, सकाळचा पाव बदलून पोळी घ्यावी का, हुमणाबरोबर, म्हणजे माशाच्या कालवणाबरोबर, भात निम्मा केला तर पोट कशाने भरावे, हे त्याच्या गावातली, त्याच्या घरचे जेवण जाणणारी परिचारिकाच नीट सांगू शकते, आणि तीन महिन्यांनी तिच्यापुढेच त्याला पुन्हा बसायचे असते म्हणून तो ऐकतो.

या ठिकाणी मला आरोग्य शिबिरांबद्दलही बोलले पाहिजे. गोव्यात गेले की कुठल्या ना कुठल्या नेत्याच्या वाढदिवसाचा फलक दिसतो: मोफत तपासणी, सर्व रोगांवर सल्ला. पुराव्यावर आधारलेली परिचर्या म्हणजे नव्या गोष्टी आणणे जेवढे, तेवढेच निरुपयोगी गोष्टी थांबवणे. सरसकट सर्वांगीण तपासणीने मृत्यू कमी होत नाहीत, असे अडीच लाखांवर माणसांवरच्या चाचण्यांतून २०१९ मध्ये कॉक्रेननेच दाखवले आहे. इंग्लंडमध्ये ४० ते ७४ वयाच्या लोकांना बोलावून होणाऱ्या हेल्थ चेकवरही हीच टीका होते आणि मला ती पटते. रक्तदाब मोजण्यात अर्थ तेव्हाच असतो, जेव्हा तो वाढलेला दिसल्यावर त्याच खोलीत पुढचे पाऊल उचलता येते. शिबिरातून माणूस एक कागद घेऊन घरी जातो; उपकेंद्रातून त्याला गोळी आणि पुढची तारीख मिळायला हवी.

सहा महिन्यांचे प्रशिक्षण पुरेसे आहे असे मी मुळीच म्हणत नाही. डॉक्टरांचा तेवढा मुद्दा बरोबर आहे आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्यातल्या, डॉक्टर नसलेल्यांना मर्यादित औषधोपचाराचा परवाना देणाऱ्या ३२व्या कलमावरून देशभर झालेल्या संपामागची भीतीही समजू शकते. पण त्यावरचा उपाय प्रशिक्षण वाढवणे हा आहे. अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आपल्या देशाने सुरू केलाच आहे. म्हणजे व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाजवळ परिचारिका विश्वासाची, आणि गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या उपकेंद्रात मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी लिहिताना अविश्वासाची ठरते.

हे सगळे मी एवढ्या त्वेषाने लिहिते त्याचे कारण सांगायला हवे. स्विंडनमध्ये आपली माणसे खूप आहेत. पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले, गोदामात पाळ्या करणारे, पन्नाशीत मधुमेह झालेले गोंयकार माझ्या खोलीत येतात, मी कोंकणीत बोलले की त्यांचा चेहरा खुलतो, सगळी तपासणी झाल्यावर ते अदबीने विचारतात, ‘बाय, दोतोर केन्ना मेळटलो?’ म्हणजे, डॉक्टर कधी भेटणार? इंग्रज रुग्ण असे क्वचित विचारतो. तेव्हा वाटते की मी घरापासून इतकी दूर येऊनही त्याच उपकेंद्राच्या दारात उभी आहे. माझे शिक्षण गोव्याच्या सरकारी पैशांतून झाले, त्याचा उपयोग इंग्लंडला होतो, आणि वाळपईकडे राहणाऱ्या माझ्या आईची पावले तपासायला कोणी नाही. इथे माझ्यावर जो विश्वास टाकला जातो तो मला माझ्या माणसांकडून हवा होता, आणि तो मिळणार नाही असे वाटल्यामुळेच मी गोवा सोडला. पगार हे दुसरे कारण होते.

मावसभावाने परवा सरळच विचारले की असे पद वाळपईला निघाले तर तू अर्ज करशील का. करीन, असे मी त्याला सांगितले. पण त्या पदाबरोबर औषध लिहिण्याचा अधिकार, अडचणीत फोनवर मिळणारा एक अनुभवी डॉक्टर आणि माझ्या रुग्णांच्या आकड्यांची दरवर्षी उघड तपासणी, या तिन्ही गोष्टी कागदावर असल्या तरच.